मूलपेशींची जावक : मेद, अस्थी आणि प्रथिने
(अभ्यासलेख : प्रशासकीय अधिकारी यांजकडून)



वार्षिक अहवालात जमाखर्चाची पत्रके आणि रुग्णसंख्येचे तक्ते यांच्या जोडीने एखाद्या वैद्यकीय विषयाचा परिचय करून देण्याचा प्रघात आपण जपत आलो आहोत. यंदा मूलपेशी हा विषय निवडण्यास दोन कारणे घडली. पहिले असे की, गुडघेदुखी, मणक्याचे विकार, हाडांचा ठिसूळपणा अशा तक्रारी असलेल्या रुग्णांचे नातेवाईक ‘मूलपेशींचे इंजेक्शन घेतल्याने हाड पुन्हा भरून येईल का?’ असा प्रश्न वारंवार विचारतात. त्यासाठी कर्ज काढण्याची, प्रसंगी दागिने मोडण्याचीही त्यांची तयारी असते. दुसरे असे की, काही हितचिंतक देणगीदारांनी ‘आपल्या रुग्णालयातही असे उपचार केंद्र का नसावे?’ अशी सूचना केली आहे. दोन्ही प्रश्नांमागील तळमळ खरी आहे. म्हणूनच त्यांचे उत्तर एका शब्दात न देता, त्यामागील शास्त्र यथामती मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. वैद्यकीय अधिकाराचा दावा येथे नाही. परंतु हिशेबाच्या व्यवहारात एक गोष्ट लवकर समजते. पेढीची खरी स्थिती तिच्या दारावरील पाटीवरून कळत नाही, ती तिच्या आवक-जावकीवरून कळते. पेशींच्या बाबतीतही शास्त्रज्ञ आज नेमके हेच सांगू लागले आहेत. पेशीला नाव कोणते दिले आहे, यापेक्षा ती आपल्या भोवताली कोणती प्रथिने, किती प्रमाणात आणि केव्हा धाडते, हे जाणणे अधिक महत्त्वाचे आहे.

मूलपेशी म्हणजे काय?

आपल्या शरीरातील बहुतेक पेशींचे काम ठरलेले असते. स्नायूची पेशी आकुंचन पावते, तांबडी रक्तपेशी प्राणवायू वाहून नेते. मूलपेशीचे तसे नसते. ती स्वतःसारख्या पेशी निर्माण करू शकते आणि योग्य संकेत मिळाल्यास एखाद्या विशिष्ट कामाची पेशीही बनू शकते. हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जेत अशा दोन प्रकारच्या मूलपेशी आढळतात. पहिल्या प्रकारातून रक्तातील पेशी तयार होतात. रक्ताच्या कर्करोगात आणि थॅलसीमियासारख्या विकारांत केले जाणारे अस्थिमज्जारोपण यांच्याच बळावर होते, आणि तो अनेक दशकांच्या अनुभवाने सिद्ध झालेला उपचार आहे. दुसऱ्या प्रकारातून हाड, कूर्चा आणि मेद यांच्या पेशी बनतात. या लेखाचा विषय हा दुसरा प्रकार आहे.

या दुसऱ्या प्रकाराचा शोध मॉस्को येथील शास्त्रज्ञ अलेक्झांडर फ्रिडेनस्टाइन यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत घेतला. मज्जेतील काही मोजक्या पेशी काचेच्या तबकडीच्या तळाशी घट्ट चिकटतात, तेथे वाढतात आणि प्राण्याच्या शरीरात रोपल्यास हाड निर्माण करू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले. १९९१ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील प्राध्यापक अर्नोल्ड कॅप्लन यांनी त्यांना ‘मेसेंकायमल स्टेम सेल’ हे नाव रूढ केले. १९९९ मध्ये मानवी मज्जेतील एकाच पेशीपासून वाढविलेल्या वंशातून हाड, कूर्चा आणि मेद अशा तिन्ही प्रकारच्या पेशी घडविता येतात, हे सिद्ध झाले. पुढे २००१ मध्ये शोषून काढलेल्या मानवी चरबीतही अशाच पेशी असल्याचे आढळले. ज्या चरबीकडे आपण केवळ निरुपयोगी साठा म्हणून पाहतो, तिच्यातही अस्थी घडविण्याची क्षमता सुप्तपणे वसत असावी, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

एकच पेशी, दोन वाटा

मूलपेशीने मेदाची वाट धरावी की अस्थीची, हे पेशीच्या आत असलेली काही नियंत्रक प्रथिने ठरवितात. मेदाच्या वाटेवरील प्रमुख नियंत्रकास पीपीएआर-गॅमा म्हणतात. अस्थीच्या वाटेवरील प्रमुख नियंत्रक रन्क्स-टू हा होय. १९९७ मध्ये ज्या उंदरांत रन्क्स-टूचे जनुक निष्क्रिय करण्यात आले, त्यांच्या सांगाड्यात हाड मुळी तयारच झाले नाही. तो कूर्चेचाच राहिला आणि ती पिल्ले जन्मानंतर लगेच दगावली. या दोन नियंत्रकांचे संबंध बहुधा तराजूच्या पारड्यांसारखे असतात. एक वर जाऊ लागले की दुसरे खाली येते.

प्रयोगशाळेत हे परिवर्तन सुमारे तीन आठवड्यांत घडविता येते. मूलपेशींना हाडाच्या वाटेवर नेण्यासाठी त्यांच्या पोषकद्रवात ‘क’ जीवनसत्त्व, फॉस्फेट पुरविणारा एक क्षार आणि अल्प मात्रेत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड घालतात. मेदाच्या वाटेवर नेण्यासाठी इन्सुलिन, अन्य दोन रसायने आणि तेच डेक्सामेथासोन अधिक मात्रेत वापरतात. एकच औषध दोन्ही पाककृतींत आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. परिणाम केवळ द्रव्यावर अवलंबून नसतो. मात्रा आणि सोबतचे संकेत यांवरही तो अवलंबून असतो. मुदतीअखेर मेदपेशींत तेलाचे थेंब दिसतात आणि विशिष्ट रंग टाकल्यास ते लाल होतात. अस्थीच्या वाटेवर गेलेल्या पेशींभोवती चुन्याचे थर साचतात आणि दुसऱ्या एका रंगाने तेही नारिंगी-तांबडे दिसतात.

जावक नोंदवहीत काय आढळते?

रंगाच्या परीक्षेवरून शेवटी काय झाले एवढेच कळते. वाटेत काय घडले हे कळत नाही. ते कळण्यासाठी शास्त्रज्ञ पेशींभोवतालचा द्रव तपासतात, कारण जिवंत पेशी सतत प्रथिने बाहेर सोडीत असते. या सर्व स्रावांच्या समुच्चयास ‘सिक्रीटोम’ असे नाव आहे. आपण त्यास स्रावसंच म्हणू.

हे काम वाटते तितके सोपे नाही. पेशी वाढविण्यासाठी सामान्यतः वासराच्या रक्तातील द्रव वापरला जातो आणि त्यातील प्रथिनांचे प्रमाण इतके मोठे असते की पेशींनी सोडलेली प्रथिने त्यात बुडून जातात. म्हणून पेशी धुऊन घेऊन काही काळ त्या द्रवाविना ठेवतात आणि नंतर भोवतालचे पाणी गोळा करतात. त्यातील प्रथिनांचे तुकडे करून मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्राने त्यांचे वजन मोजले जाते आणि वजनांवरून प्रथिनांची ओळख पटविली जाते. मृत पेशी फुटून त्यांच्या आतील प्रथिनेही पाण्यात मिसळतात. खरा स्राव कोणता आणि गळती कोणती, हेही त्यामुळे निवडावे लागते. जमाखर्च लिहिताना दुसऱ्याच्या नावची रक्कम आपल्या खात्यात येऊ नये म्हणून जी दक्षता घ्यावी लागते, तीच येथेही लागते.

अशा अभ्यासांतून दिसते ते असे. अस्थीच्या वाटेवर निघालेली पेशी प्रथम मोठ्या प्रमाणात कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन बाहेर विणते. हाडाचा हा जणू सांगाडा होय आणि तो नीट विणला जाण्यास ‘क’ जीवनसत्त्व लागते. त्यानंतर अल्कलाइन फॉस्फेटेज या विकराची पातळी वाढते, ज्याच्या साहाय्याने चुना साचू लागतो. अखेरच्या टप्प्यात ऑस्टिओकॅल्सिनसारखी खनिजांना बांधून ठेवणारी प्रथिने विपुल होतात. मेदाच्या वाटेवरील पेशी मात्र ॲडिपोनेक्टिन आणि लेप्टिन यांसारखी प्रथिने सोडू लागते. लेप्टिनचा शोध १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लागला. शरीरात मेदाचा साठा किती आहे, याची वार्ता ते मेंदूपर्यंत पोहोचविते. ॲडिपोनेक्टिन शरीराला इन्सुलिनचा उपयोग करून घेण्यास मदत करते, आणि विशेष हे की लठ्ठपणात त्याचे रक्तातील प्रमाण घटते.

या संशोधनाने आपल्या जुन्या समजुतींना धक्का दिला. मेद म्हणजे साठवणीचे कोठार आणि हाड म्हणजे आधाराचा खांब, एवढेच आपण मानीत होतो. प्रत्यक्षात दोन्ही ऊती संदेश धाडणाऱ्या आहेत.

रुग्णांच्या अहवालांशी याचा संबंध

हा विषय केवळ प्रयोगशाळेपुरता नाही, हे आप्तजनांना आपल्याच तपासणी अहवालांवरून दिसेल. यकृताच्या तपासणीत अल्कलाइन फॉस्फेटेजचा आकडा नेहमी छापलेला असतो. हे विकर यकृताप्रमाणेच हाडांतूनही येते. वाढत्या वयाच्या मुलांत हा आकडा प्रौढांपेक्षा जास्त असणे स्वाभाविक आहे, कारण त्यांची हाडे घडत असतात. फ्रॅक्चर जुळत असतानाही तो वाढू शकतो. म्हणून असा आकडा पाहून घाबरून न जाता त्याचा अर्थ डॉक्टरांकडून समजून घ्यावा.

दुसरे उदाहरण हाडांच्या झिजेचे. हाड घडविणाऱ्या अस्थिजनक पेशी आणि हाड झिजविणाऱ्या अस्थिभंजक पेशी यांचे काम आयुष्यभर शेजारी-शेजारी चालते. अस्थिजनक कुळातील पेशी रँक-लिगँड नावाचे प्रथिन निर्माण करतात आणि ते झिजविणाऱ्या पेशींना चालना देते. याच कुळातील पेशी ऑस्टिओप्रोटेजेरिन हे दुसरे प्रथिनही सोडतात, जे त्या चालनेला आवर घालते. नावाचा अर्थच अस्थिरक्षक असा आहे. त्याचा शोध १९९७ मध्ये जाहीर झाला. पाळी थांबल्यानंतर स्त्रियांमध्ये इस्ट्रोजेन घटते, चालनेचे पारडे जड होते आणि हाडे झपाट्याने ठिसूळ होऊ लागतात. हे कोडे उलगडल्यामुळेच रँक-लिगँडला अडविणारे डेनोसुमॅब हे औषध तयार झाले. त्यास २०१० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि आज ते भारतातही उपलब्ध आहे. मात्र ते सहसा दर सहा महिन्यांनी घ्यावे लागते आणि डॉक्टरांच्या सल्ल्याविना मध्येच थांबविल्यास मणक्यांची हाडे मोडण्याचा धोका संभवतो. ज्यांच्या घरी हे औषध सुरू आहे, त्यांनी पुढील मात्रेची तारीख कधीही चुकवू नये, ही कळकळीची विनंती.

वय वाढते तसा मज्जेचा रंगही पालटतो. नवजात अर्भकाची मज्जा लाल असते. वाढत्या वयाबरोबर तिची जागा पिवळी, मेदयुक्त मज्जा घेत जाते. हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्तींच्या मज्जेत मेदाचे प्रमाण बहुधा अधिक आढळते. दीर्घकाळ अंथरुणास खिळून राहणे आणि दीर्घकाळ स्टिरॉइड घेणे यांमुळेही तराजू मेदाकडे झुकतो. मधुमेहावरील ग्लिटाझोन वर्गातील औषधे वर उल्लेखिलेल्या पीपीएआर-गॅमा नियंत्रकावरच काम करतात. रक्तातील साखर त्यांनी कमी होते. परंतु ही औषधे घेणाऱ्या स्त्रियांमध्ये हाड मोडण्याचे प्रमाण अधिक असल्याचे २००६-०७ मध्ये निदर्शनास आले. पेशीच्या आत एक कळ फिरविली असता तिचे पडसाद किती दूरवर उमटतात, याचे हे बोलके उदाहरण होय. स्टिरॉइड अथवा मधुमेहाची औषधे यांपैकी कोणतेही औषध मात्र रुग्णाने आपल्या मनाने बंद करू नये.

येथे एक सावधगिरीही नमूद करणे उचित ठरेल. ऑस्टिओकॅल्सिन हे अस्थिप्रथिन रक्तातील साखरेवरही नियंत्रण ठेवते, असे २००७ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून मांडले गेले आणि त्याचा मोठा गवगवा झाला. परंतु २०२० मध्ये अन्य संशोधकांनी स्वतंत्रपणे तयार केलेल्या उंदरांत तो परिणाम आढळला नाही. एका प्रयोगाच्या बातमीवरून उपचाराची आशा बांधू नये, हा यातील बोध.

प्रथिनापासून औषधापर्यंतचा प्रवास

पेशी सोडीत असलेले प्रथिन शोधून त्याचे औषध करण्यास किती काळ लागतो, ते पाहण्याजोगे आहे. अमेरिकेतील अस्थिशल्यविशारद मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये दाखविले की, चुना काढून टाकलेला हाडाचा तुकडा प्राण्याच्या स्नायूत ठेवला तरी तेथे नवे हाड निर्माण होते. हाडात काही प्रभावी प्रथिन दडलेले असले पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता. अशा प्रथिनांची जनुके १९८८ मध्ये हाती आली. त्यांपैकी एका प्रथिनास मणक्याच्या विशिष्ट शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली ती २००२ मध्ये. म्हणजे पहिल्या प्रयोगापासून रुग्णापर्यंत ३७ वर्षे लागली. इतके होऊनही, मान्यतेबाहेर मानेच्या मणक्यात ते वापरले असता गळ्यास सूज येऊन श्वास कोंडण्याचे प्रकार घडले आणि २००८ मध्ये तेथील औषध प्रशासनास जाहीर इशारा द्यावा लागला. हे एकच प्रथिन होते, शुद्ध होते, त्याची मात्राही मोजलेली होती; तरीही चुकीच्या जागी ते घातक ठरले.

आता प्रश्न असा की, मूलपेशींचे इंजेक्शन म्हणजे एक प्रथिन नव्हे, तर अनेक प्रथिने सोडणारी जिवंत पेशी. ती कोणत्या अवस्थेत आहे, मेदाकडे झुकली आहे की अस्थीकडे, ती काय सोडीत आहे, हे न तपासता टोचणे सुरक्षित कसे मानावे? विशेष म्हणजे, टोचलेल्या पेशींपैकी फारच थोड्या शरीरात टिकून नवी ऊती बनतात. जो परिणाम दिसतो तो मुख्यतः त्यांच्या स्रावांमुळे असावा, असे मत पुढे प्रबळ होत गेले. ज्यांनी ‘मूलपेशी’ हे नाव रूढ केले त्या कॅप्लन यांनीच २०१७ मध्ये, हे नाव रुग्णांची दिशाभूल करते, तेव्हा ते बदलून संदेश देणाऱ्या औषधी पेशी अशा अर्थाचे नाव वापरावे, असे जाहीर आवाहन केले. आपणच दिलेले नाव मागे घेण्याची ही प्रांजळता दुर्मीळ म्हणावी लागेल.

याचा अर्थ हे शास्त्र निष्फळ आहे असा मात्र नव्हे. अस्थिमज्जारोपणानंतर उद्भवणाऱ्या एका गंभीर गुंतागुंतीत स्टिरॉइड निरुपयोगी ठरलेल्या मुलांसाठी, दात्यांच्या मज्जेतील अशा पेशींचे औषध अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये मान्य केले. गुडघ्याच्या संधिवातासाठी अशा पेशींच्या एका उत्पादनास भारतातही २०२२ मध्ये औषध महानियंत्रकांची मान्यता मिळाली. मान्यताप्राप्त उत्पादन आणि कोणत्याही तपासणीविना दिलेले इंजेक्शन यांतील फरक नेमका हाच आहे की, पहिल्याची आवक-जावक तपासली गेलेली असते.

आप्तजनांनी विचारावयाचे प्रश्न

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, मान्यता नसलेला मूलपेशी-उपचार केवळ रीतसर वैद्यकीय चाचणीचा भाग म्हणूनच देता येतो. २०१९ च्या औषध नियमांत मूलपेशींपासून केलेल्या उत्पादनांचा समावेश ‘नवीन औषध’ या व्याख्येत आहे. तेव्हा कोणी असा उपचार सुचविल्यास पुढील प्रश्न लेखी विचारावेत :

१. या उत्पादनास औषध महानियंत्रकांची मान्यता आहे काय? असल्यास ती नेमक्या कोणत्या आजारासाठी आहे?
२. मान्यता नसल्यास ही चाचणी भारतीय चाचणी नोंदणी केंद्रात नोंदली आहे काय? तिचा क्रमांक कोणता?
३. चाचणीत सहभागी होण्यासाठी पैसे का मागितले जात आहेत? सहभागी रुग्णाकडून मोबदला घेणे मार्गदर्शक तत्त्वांस धरून नाही.
४. पेशी कोणाच्या, कोठे वाढविल्या आणि देण्यापूर्वी त्यांच्या कोणत्या तपासण्या झाल्या?
५. अपाय झाल्यास उपचाराची जबाबदारी कोणाची?

‘पेशी नव्हे, पेशींचा केवळ अर्क’ अशा नावाने अलीकडे जे विकले जाते, त्यासही हेच प्रश्न लागू आहेत. पेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पुटिकांच्या अमान्य उत्पादनांपासून सावध राहण्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्येच दिला होता.

देणगीदारांच्या सूचनेविषयी

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. वरील विवेचनावरून ध्यानी येईल की, मूलपेशी उपचार केंद्र म्हणजे केवळ एक खोली आणि एक यंत्र नव्हे. निर्जंतुक संवर्धनगृह, प्रत्येक खेपेची स्रावपरीक्षा, प्रशिक्षित शास्त्रज्ञ, नीतिसमिती आणि अनेक वर्षांचा पाठपुरावा एवढे सारे उभे केल्याविना असे केंद्र काढणे हा दात्यांच्या पैशाचा आणि रुग्णांच्या विश्वासाचा अपव्यय ठरेल. त्याऐवजी ज्यांचा उपयोग निःसंशय सिद्ध आहे, अशा गोष्टींना प्रथम स्थान द्यावे, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते. हाडांची घनता वेळीच मोजणे, ‘ड’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियमची कमतरता भरून काढणे, ज्येष्ठांना पडण्यापासून जपणे, शस्त्रक्रियेनंतर रुग्णास लवकर उभे करून चालते करणे, आणि एकदा हाड मोडलेल्या रुग्णावर ठिसूळपणाचा उपचार न चुकता सुरू करणे, ही ती कामे होत. चालण्याने आणि व्यायामाने हाडांवर येणारा भार मूलपेशींना अस्थीच्या वाटेकडे वळविण्यास साहाय्यभूत होतो, असे प्रयोगांतून दिसून आले आहे. म्हणजे आपल्या फिजिओथेरपी विभागात दररोज चालणारे साधे कामही याच शास्त्राशी जोडलेले आहे.

उद्या हे शास्त्र अधिक परिपक्व होईल आणि मान्यताप्राप्त उपचारांची संख्या वाढेल. त्या वेळी आपले रुग्णालय मागे राहू नये यासाठी अभ्यास सुरू ठेवणे हे आपले कर्तव्य आहे. तोवर, हतबल झालेल्या कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी एखाद्या आकर्षक नावापायी खर्ची पडू नये, एवढी दक्षता आपण सर्वांनी मिळून घेऊ या.

आपण दिलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब या अहवालाच्या पुढील पृष्ठांवर सादर केला आहेच.